व्हीलचेअर टाकू का?

मुंबईच्या विमानतळावर आईला व्हीलचेअरमध्ये बसवलं, तेव्हा तिनं आधी पदर चाकात जाऊ नये म्हणून ओढून मांडीखाली दाबला, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि मग खुर्ची ढकलणाऱ्या पोराकडं मान वळवून विचारलं, "जेवलास का रे?"

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. पोरगा विशी-बाविशीचा, नालासोपाऱ्याचा. एका हातानं आईची खुर्ची, दुसऱ्या हातानं बाबांची, अशा दोन एकदम रेटत होता. त्यातही कसब आहे. एक जरा पुढं गेली की दुसरी तिरकी होते. "अजून नाही आजी," तो म्हणाला. "ही एक फ्लाइट सुटली की."

"मग मला उतरव. मी चालते. तू यांना तेवढं ने."

"तसं नाही करता येत आजी. तुमचं नाव व्हीलचेअरमध्ये आहे."

आई शहात्तर वर्षांची आहे. साताऱ्यात राजवाड्याच्या मंडईतून भाजीच्या दोन पिशव्या घेऊन ती चढाच्या रस्त्यानं घरी येते आणि आल्यावर दम न खाता मला फोन करून कोथिंबिरीचा भाव सांगते. तिच्या पायांना काही झालेलं नाही. तिच्या नावापुढं व्हीलचेअरची खूण केली होती ती मी, कोथरूडमधल्या माझ्या घरी बसून, चहा पिता पिता, एका टिचकीत.

बाबांचं वेगळं आहे. बाबा एक्याऐंशीचे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात परत आला नाही, पाय अर्धामुर्धा आला. चार पायांची काठी घेऊन वीस-पंचवीस पावलं टाकतात, मग थांबतात. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सातारा स्टँडवर खिडकीमागं बसून माइकवर गाड्या पुकारणारा आवाज बरीच वर्षं त्यांचा होता. आता तो आवाज डाव्या बाजूनं जरा घसरतो, पण मत घसरलेलं नाही. सरकारनं अपंगांना दिव्यांग म्हणायला सुरुवात केली तेव्हापासून ते विचारतात, "दिव्य नेमकं काय झालंय त्यात?"

दादा एडिसनला असतो, न्यू जर्सीत. नातीचं ग्रॅज्युएशन होतं, २०२४ च्या मे महिन्यात. बाबा म्हणाले, हे शेवटचं. असं ते प्रत्येक वेळी म्हणतात, पण या वेळी कुणी हसलं नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबई विमानतळावर एक ऐंशी वर्षांचे गृहस्थ दगावले होते. न्यूयॉर्कहून बायकोबरोबर आले, दोघांसाठी व्हीलचेअर सांगून ठेवलेली, प्रत्यक्षात एकच मिळाली. ती बायकोला दिली आणि ते शेजारून चालत निघाले. इमिग्रेशनपाशी कोसळले. कंपनीचं म्हणणं, त्यांना थांबायला सांगितलं होतं. महिनाअखेरीस नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं कंपनीला ३० लाखांचा दंड केला. ती बातमी बाबांनी पेपरमधून कापून ठेवली नाही की तिच्यावर बोलले नाहीत, फक्त मला फोन करून म्हणाले, "तुला सुट्टी मिळते का बघ." म्हणून मी सोबत निघाले.

याआधी दोघं चार वेळा एकटेच जाऊन आले होते. पहिल्या वेळी तर दोघंही धडधाकट होते. युरोपातल्या एका विमानतळावर त्यांचं गेट ऐनवेळी बदललं, घोषणा झाली ती दोन परक्या भाषांत, आणि दोघं जुन्या गेटपाशी तासभर बसून राहिले, गाडी लागेल म्हणून. एका केरळी नर्सबाईनं त्यांच्या हातातले बोर्डिंग पास पाहून त्यांना अक्षरशः पळवत नेलं. परत आल्यावर ही गोष्ट बाबांनी ज्येष्ठ नागरिक संघात सांगितली, तेव्हा तिथल्या जाणत्या मंडळींनी त्यांना वेड्यात काढलं. "अहो, व्हीलचेअर नाही का टाकली? ती टाकायचीच. फुकट असते. ढकलणारा माणूस थेट गेटवर नेऊन सोडतो. इमिग्रेशनला वेगळी रांग. बॅगा तोच उतरवतो. साहेबानं काही विचारलं तर तोच सांगतो." आमच्याकडं अमेरिकेला जाणाऱ्या आईबापांचं हे आता रीतसर शास्त्र झालंय. लोणच्याच्या बाटलीचं तोंड कसं बांधायचं, मेतकूट कुठल्या बॅगेत ठेवायचं, साहेबानं कशाला आलात विचारलं तर काय सांगायचं आणि व्हीलचेअर कशी टाकायची.

'टाकायची' हा शब्दही कसा आहे बघा. बुकिंगमध्ये जेवण टाकतात, जादा बॅग टाकतात, तशी व्हीलचेअर टाकतात.

विमान कंपन्यांच्या भाषेत व्हीलचेअरच्या तीन जाती आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढतो, जागेपर्यंत चालतो, फक्त लांबचं अंतर झेपत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही जमत नाही. आणि डब्ल्यूसीएचसी म्हणजे आत जागेपर्यंत न्यावं लागतं. शेवटचं अक्षर तेवढं बदलतं: रॅम्प, स्टेप्स, केबिन. आई 'आर' होती, बाबा 'एस'. बाबांना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांना ते आवडलं. साधी, निमआराम, जलद, असं काहीतरी आहे म्हणाले.

पण एकदा ही अक्षरं लागली की माणसाचं नाव जातं हे मला तिथं गेल्यावर कळलं. वॉकीटॉकीवर सारखं चाललेलं असतं, "चार व्हीलचेअर पाठवतोय", "दोन व्हीलचेअर सिक्युरिटीला अडकल्यात." एक मुलगी हातात यादी घेऊन आली आणि मला म्हणाली, "मॅम, तुमच्या व्हीलचेअर कुठायत?" मी म्हटलं, माझे आई-बाबा तिकडं बसलेत. ती म्हणाली, "हां, तेच." मग बाबांसमोर उभी राहून मला विचारलं, "यांना चालता येतं का? यांना शुगर आहे? यांना इंग्लिश समजतं?"

"मी इथंच आहे," बाबा म्हणाले. मराठीत, आणि मग इंग्रजीतही.

काउंटरवर तर याच्या पुढचं पाऊल. तिथल्या सुपरवायझरनं बाबांच्या डाव्या हाताकडं बघितलं आणि डॉक्टरांचं पत्र आहे का विचारलं. होतं, मी नेलं होतं. तरी, "फायनल कॅप्टन ठरवतील." माझ्या पोटात गोळा आला. कारण कॅप्टननं ठरवलेली एक गोष्ट मला माहीत होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे, आणि त्या अपंगांच्या हक्कांवर काम करणाऱ्या बाई. मुंबईच्या 'अडॅप्ट' या संस्थेनं भरवलेल्या अपंगांविषयीच्याच आंतरराष्ट्रीय परिषदेला त्या निघाल्या होत्या. जागेवर जाऊन बसल्यावर त्यांना विमानातून उतरवलं. त्यांची परिषद हुकली ती हुकलीच. चार वर्षांनी, मे २०१६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं त्यांना दहा लाखांची भरपाई द्यायला लावली. पुढं २०२२ मध्ये आपल्याकडचा नियम आणखी स्पष्ट झाला: निव्वळ अपंगत्वावरून कंपनीला कुणाला नाकारता येत नाही. वाटेत प्रकृती बिघडेल अशी शंका असेल तर विमानतळावरच्या डॉक्टरनं प्रवाशाला तपासून लेखी मत द्यायचं आणि मगच काय ते ठरवायचं. हे सगळं मी पाठ करून गेले होते. बोलायची वेळ आली नाही. सुपरवायझरला मागच्या रांगेनं हाक मारली आणि त्यानं शिक्का मारला. गर्दी कधीकधी अशी कामाला येते.

मात्र शिक्का मारताना त्यानं बाबांची जागा बदलली. 'सी' होती, 'डी' केली.

यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. विमानात 'सी'ला येण्याजाण्याची वाट उजव्या हाताला असते आणि 'डी'ला डाव्या. ज्याचा डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला असतो, त्याला उठायचं तर उजव्या हातानं काहीतरी धरून वाटेच्या बाजूला वळता आलं पाहिजे. 'डी'वर बसलेले बाबा म्हणजे विहिरीत बसलेले बाबा. मी एअरहोस्टेसला समजावलं, ती म्हणाली, विमान फुल आहे. मग पलीकडच्या 'सी'वरच्या सरदारजींना समजावलं. ते अर्धं ऐकूनच उठले, वरची बॅग काढली आणि म्हणाले, "पहले बोलना था ना जी."

तरी खुर्चीचा हात होताच. वाटेकडचा हात वर होत नाही, असं आपण सगळे समजतो. मधले होतात, कडेचा नाही. म्हणून बाबांना बसवताना त्यांना आधी त्या हातावरून उचलल्यासारखं करावं लागलं. एक पाय आत, मग कंबर, मग दुसरा पाय आणि सगळं विमान आमच्यामागं थांबलेलं. दुसऱ्या विमानात एक पन्नाशीच्या, केस पिकलेल्या एअरहोस्टेस होत्या. त्यांनी नुसतं वाकून त्या हाताखाली, बिजागरीपाशी, बोटानं चाचपलं. टक्क असा आवाज झाला आणि तो हात उभा राहिला. बाबा बसल्या बसल्या सरकले. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत कडेच्या निम्म्या तरी जागांचे हात असे उचलता आले पाहिजेत, असा तिथला नियम आहे. तो खटका असतो. तो कुठं आहे हे माहीत असलेलं माणूस असावं लागतं. बाबांनी त्या बाईंना तो पुन्हा दाखवायला लावला. स्वतःच्या उजव्या हाताचं बोट तिथं नेऊन दोनदा टक्क करून पाहिलं. त्या प्रवासात त्यांच्या तोंडावर खरं समाधान मी तेव्हा पाहिलं.

जेवणाचंही तसंच. ट्रे येतो, त्यात सात गोष्टी, सातही गच्च बंद. दोन हातांच्या माणसालाही रसाच्या डबीवरचा तो चकचकीत कागद सरळ निघत नाही, अर्धा रस शर्टावर येतो. एका हाताच्या माणसानं काय करायचं? नियमात अगदी तेही आहे. कर्मचाऱ्यांनी घास भरवायचा नाही, पण पाकीट उघडून द्यायचं, ताटात काय आहे ते सांगायचं. शौचालयाच्या दारापर्यंत न्यायचं, आत मदत करायची नाही. कुणीतरी बसून बारीक विचार केलाय, हे वाचताना बरं वाटतं. ट्रे ठेवणारा हात मात्र पुढच्या रांगेकडं निघालेला असतो.

आणि पाणी. या विषयावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. बाबा विमानात पाणी पीत नव्हते. पहिल्या विमानात आठ तासांत एक घोट. मला वाटलं झोपलेत म्हणून. मग आईनं सांगितलं की मागच्या वेळेसही असंच होतं. संघातल्या बऱ्याच जणांचं असंच असतं. आदल्या दिवशी दुपारपासूनच पाणी तोडायचं. विमानात चहा नाही, ताक नाही. का, तर उठावं लागू नये. उठायचं म्हणजे कडेच्या हातावरून पुन्हा तो सगळा खेळ, मग त्या अरुंद वाटेनं जाणं, मग ते दार जे आत की बाहेर उघडतं कळत नाही आणि आत उभं राहायला जागा दीड फरशीची. विमान हललं की धरायला काही नाही.

आता विमानाच्या आतली हवा कशी असते? दाब असतो सहा ते आठ हजार फुटांवर असावा तितका. म्हणजे महाबळेश्वराहून बऱ्याच उंचावर नेऊन माणसाला आठ-नऊ तास खिळवून ठेवल्यासारखं. हवेतला ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली. अशा हवेत न हलता, तहानलेलं बसायचं. पायात रक्त साकळतं म्हणून डॉक्टर घट्ट मोजे देतात, दर तासाला पाय हलवा सांगतात, पाणी प्या सांगतात. आणि म्हातारी माणसं नेमकं उलटं करतात. मूर्ख आहेत म्हणून नव्हे, त्यांचा हिशेब पक्का आहे. रक्त साकळणं ही शक्यता झाली. भर विमानात धोतर किंवा पातळ ओलं होणं ही बेअब्रू. या दोन्हींत ते काय निवडतील हे कुठल्याही सुनेला सांगता येईल.

नवीन मोठ्या विमानांत एक तरी शौचालय मोठं असतं, आणि घडीची एक अरुंद खुर्चीही असते, वाटेतून जाणारी. मी ती मागितली. पहिल्या विमानात शोधायला वीस मिनिटं लागली. ती कोटांच्या कपाटात, कोटांच्या मागं होती. बाबांना तिच्यात बसवून छातीला एक पट्टा, मांड्यांना एक पट्टा आवळला. बाबा आईला म्हणाले, "आता कंडक्टरला सांग, माझी लगेज पावती फाड."

युरोपात आमचा पाच तासांचा थांबा होता. तिथला कायदा निराळा. युरोपात २००८ च्या जुलैपासून ही जबाबदारी विमान कंपनीकडून काढून विमानतळाकडं दिली आहे. अमेरिकेत ती कंपनीचीच. आपल्याकडं कंपनी आणि विमानतळ मिळून. म्हणजे सातारा ते एडिसन या एका प्रवासात बाबा तीन कायद्यांखालून गेले आणि प्रत्येक ठिकाणी त्यांचा ताबा नवा माणूस घेई. पहिल्यानं पुढच्याला काय सांगितलं हे कुणालाच माहीत नसे. दर वेळी नव्यानं, "यांना चालता येतं का?"

त्या विमानतळावर अशा सगळ्यांना एका खोलीत आणून ठेवतात. स्वच्छ, निळ्या खुर्च्यांची, भिंतीवर पडदा, पडद्यावर विमानांची नावं. मदत लागणारे प्रवासी तिथं चाळीसेक तरी असतील, आणि पाच-सहा सोडले तर सगळे आपले. लुधियानाचे, आणंदचे, करीमनगरचे, नाशिकचे. प्रत्येकाच्या गळ्यात पिशवी, पिशवीत पासपोर्ट. कुणीतरी थेपले काढले, आईनं दशम्या काढल्या, आणि ती खोली बघता बघता आमच्या स्टँडवरच्या प्रतीक्षालयासारखी दिसायला लागली. प्रतीक्षालयात निदान चौकशीची खिडकी असते. इथं एक काउंटर होतं आणि त्यामागं एक तरुण, जो सगळ्यांना हात वर करून एकच सांगत होता: थांबा.

आईच्या शेजारी एक तेलुगू बाई होत्या. सत्तरीच्या, नाकात दोन्हीकडं खड्याच्या चमक्या. एकट्याच निघाल्या होत्या, लेकीच्या बाळंतपणाला. त्यांच्याकडं प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद होता, मोठ्या इंग्रजी अक्षरांत: माझं नाव अमुक, मला मधुमेह आहे, मला अमुक विमानानं जायचंय, माझ्या मुलीचा नंबर अमुक. खाली बोट ठेवून दाखवण्यासाठी वाक्यं: पाणी हवं. शाकाहारी जेवण हवं. माझं गेट कुठं आहे. लेकीनं जीव लावून केलेला कागद. पण त्यात एक वाक्य राहिलं होतं. बाई मघापासून चुळबुळत होत्या, काउंटरकडं बघत होत्या, कागद उलटसुलट करत होत्या, आणि दाखवायला बोट ठेवायची जागाच नव्हती.

आईनं ओळखलं. बायका ओळखतात. तिनं करंगळी वर केली. बाईंनी जोरजोरात मान हलवली.

मग आई उठली. स्वतःच्या खुर्चीतून उठली, पर्स माझ्याकडं दिली, त्या बाईंच्या खुर्चीमागं गेली, ब्रेक कुठं असतो ते दोन सेकंद पाहिलं आणि पायानं काढला. खुर्ची घेऊन निघाली. काउंटरवरचा तरुण धावत आला. तिला इंग्रजीत म्हणाला की मॅडम, तुम्ही मदत लागणाऱ्या प्रवासी आहात, कृपया बसा. आई थांबलीच नाही. मला म्हणाली, "त्याला सांग, आत्ता येते."

त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो. त्याच्या यादीत बसणारी व्यक्ती उभी राहिली होती आणि दुसऱ्या बसणाऱ्या व्यक्तीला ढकलत चालली होती. यात काय करायचं याचा नियम त्याच्याकडं नव्हता. मी त्याच्या जागी असते तर माझीही तीच गत झाली असती.

इंग्रजी वर्तमानपत्रांत आणि विनोदवीरांच्या तोंडी एक थट्टा असते: व्हीलचेअरमधून विमानात चढणारे उतरताना टुणटुणीत उठून चालायला लागतात, म्हणे विमान म्हणजे देवस्थानच झालं. भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांबद्दल तर ती हमखास होते. थट्टा खोटी नाही. आई त्यातलीच. पण त्या खोलीत बसून मला वाटलं, आईला काय हवं होतं? तिला हवं होतं एक माणूस. गेट बदललं तर सांगणारं, फॉर्मवरच्या कुठल्या चौकटीत काय लिहायचं ते दाखवणारं, साहेबानं प्रश्न विचारला की शेजारी उभं राहणारं. आम्ही शिकलो, बाहेर गेलो, आणि ज्या रस्त्यानं गेलो त्या रस्त्यावरची एकही पाटी आईबापांना वाचता येत नाही हे आम्हाला तिकीट काढून पाठवताना आठवतं. माणूस मागायची सोय नसते, म्हणून खुर्ची मागायची. खुर्चीबरोबर माणूस येतो.

नेवार्कला उतरल्यावर बाबांचा तिसरा कायदा सुरू झाला. अमेरिकेतला हा कायदा १९८६ चा. युद्धात जायबंदी झालेल्या माजी सैनिकांच्या संघटनेनं दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, तिथं ती हरली, आणि त्या हरण्यानंतर संसदेनं तिथल्या विमान कंपन्यांना बांधून घेणारा कायदा केला. परदेशी कंपन्यांना त्याचे नियम लागू झाले २००९ मध्ये. त्यांत एक कलम मला फार आवडतं. खुर्ची ढकलणाऱ्यानं वाटेत शौचालय लागलं आणि प्रवाशानं सांगितलं, तर थांबायचं. दुसरं, स्वतःहून हलता न येणाऱ्या माणसाला खुर्चीत अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ एकटं सोडायचं नाही. आमच्या खुर्च्या ढकलायला हैतीचे एक गृहस्थ आले, साठीचे, स्वतः किंचित लंगडणारे. शौचालय दिसल्याबरोबर त्यांनीच बाबांना विचारलं. मला नव्हे, बाबांना. आईला मात्र राहवेना. स्वतः लंगडणाऱ्या माणसाकडून ढकलून घ्यायचं म्हणजे काय! तिनं दादानं बजावून दिलेली पाच डॉलरची नोट दिलीच, वर उरलेल्या दोन दशम्याही दिल्या. त्यांनी त्या रुमालात बांधून घेतल्या.

एडिसनच्या दोन महिन्यांबद्दल काही सांगत नाही. छान गेले.

परतीला मुंबईत उतरलो तेव्हा रात्रीचा दीड. विमान रिकामं झालं. आम्ही, आणि आमच्यासारखे वीस-बावीस, दाराबाहेरच्या बोळात भिंतीला टेकून. पाच मिनिटं, दहा, वीस. खुर्च्या येत होत्या, एकेक, कधी दोन. यादी घेतलेला एक मुलगा नाव पुकारायचा, नावाचा माणूस बसायचा. त्यातले निम्मे असे चालत येऊन बसत होते की मला आतून चिडल्यासारखं होत होतं. बाबा काठीवर सगळा भार देऊन उभे. बसायला काही नाही. पंधरा मिनिटांनी त्यांचा उजवा गुडघा थरथरायला लागला, कारण सगळं अंग तोच सांभाळत होता. मी आजूबाजूच्यांकडं बघत होते, हा चालू शकतो, ही चालू शकते, हे तर मघाशी विमानात फेऱ्या मारत होते. आणि मग मुलानं नाव पुकारलं. आईचं.

यादी नावाप्रमाणं होती, आईचं नाव बाबांच्या नावाआधी येतं. एवढंच कारण.

माझ्याच्यानं क्षणभर हललं नाही. फेब्रुवारीतली ती बातमी जशीच्या तशी समोर उभी होती, फक्त खूण करणारा हात माझा होता.

आईनं बाबांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं. मुलगा म्हणाला, "आजी, ही तुमच्या नावाची आहे, बाबांची येतेय मागून."

"आडनाव तेच आहे ना?" आई म्हणाली.

तो हसला. बिचारा रात्रीपासून उभा असावा. बाबांचे पाय त्यानं स्वतः वाकून पायरीवर नीट ठेवले. आई पुढं चालायला लागली, तिच्या नेहमीच्या, मंडईतून यायच्या वेगानं, आणि सरकत्या पट्ट्यापाशी जाऊन थबकली, कारण तिला त्याची भीती वाटते. बाबांनी मागच्या बोळाकडं हात केला. तिथं अजून आठ-दहा जण भिंतीला टेकलेले होते. "कंडक्टरनं डबल बेल द्यायच्या आधी मागं बघायचं असतं," ते त्या मुलाला म्हणाले. "मागच्या दारात कुणी लोंबकळतंय का, म्हातारं माणूस चढतंय का." मुलाला काही कळलं नाही. तो म्हणाला, "हो बाबा."

एसटीचं कौतुक करायला हे सांगत नाही. बाबांना आता एसटीत चढताच येत नाही. पंचाहत्तरीनंतर प्रवास फुकट आहे, पण पहिली पायरी त्यांच्या गुडघ्याच्या वर येते. फुकटचं तिकीट घेऊन ते खाली उभे.

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. नातीचं लग्न ठरतंय. बाबा म्हणाले, हे शेवटचं. मी या वेळी ठरवलं होतं की खूण करायची ती बाबांच्याच नावापुढं. आईसाठी दुसरं काहीतरी. शोधल्यावर कळलं की कंपन्यांच्या त्या अक्षरांच्या यादीत तेही आहे, एमएएएस. मीट अँड असिस्ट. खुर्ची नाही, नुसता सोबतीचा माणूस. मला फार आनंद झाला. लगेच कंपनीच्या नंबरवर फोन लावला. अर्धा तास सनई ऐकल्यावर एक मुलगी आली, आवाज गोड, मराठी बोलणारी, नागपूरची असावी.

मी सांगितलं, बाबांना व्हीलचेअर, आईला मीट अँड असिस्ट.

"ते मॅडम, पेड सर्व्हिस आहे ना, एअरपोर्टची. वेगळं बुकिंग."

मी म्हटलं, ते नाही, कंपनीकडून असतं ते. कोड सांगितला. ती टाइप करत राहिली. मला होल्डवर ठेवलं, पुन्हा सनई. मग आली.

"मॅडम, सिस्टीममध्ये दिसतंय, पण ते ट्रान्झिटला मिळेल की नाही ते मी कन्फर्म नाही करू शकत. तुम्ही असं करा ना, मी आईंनाही व्हीलचेअर टाकू का? त्याला चार्ज नाही."

फोन स्पीकरवर होता. आई राहायला आलेली, स्वयंपाकघरात शेंगा निवडत होती. मी काही बोलायच्या आत तिथूनच म्हणाली, "टाक म्हणावं."